वरीलप्रमाणे

आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा तो बघायला तळेगावातून माणसं यायची, आणि काचेपलीकडे त्यांना आधी मी दिसायचे. पांढरा कोट, त्याच्या आत हिरवा स्वेटर आणि पायात कापडी सपाता. यंत्राला धूळ आणि उकाडा सोसत नाही म्हणून ती खोली बारा महिने थंडगार ठेवलेली असे. लोणावळ्याच्या मुलीला थंडीचं कसलं कौतुक! पुण्याहून येणारे दोघे ऑपरेटर मात्र सदा खोकत असायचे. मी त्यांना लवंगा द्यायचे आणि वर टोमणेही द्यायचे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी बी.एस्सी. झालेली, सकाळच्या गाडीनं लोणावळ्याहून घोरावाडीला उतरायचे आणि शेतातल्या वाटेनं वीस मिनिटं चालत कारखाना गाठायचे. कारखाना पाण्याचे पंप बनवायचा. आमच्या यंत्रखोलीला एक खिडकी होती. "आपण दुकानदार. त्या खिडकीशी येईल तो गिऱ्हाईक," असं आमचे साहेब म्हणायचे. विक्री, खरेदी, भांडार, हजेरी, ही सगळी खाती म्हणजे आमची गिऱ्हाइकं. भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीत ठेवायचा आणि काम झालं की छापलेले कागद घेऊन जायचं, असा व्यवहार.

तेव्हा यंत्र एका वेळी एकच काम करायचं. कुणाचं आधी लावायचं ते मी ठरवायचे. आपला हात जगन्नाथ! मोठमोठी माणसं खिडकीशी येऊन "तेवढं आमचं बघा हं" म्हणायची, आणि ते मला आवडायचं हे मी कशाला नाकारू? खरेदी खात्यातल्या एकानं मला खूश करायला एकदा चिक्कीचा पुडा आणला. लोणावळ्यात राहणाऱ्या बाईला चिक्की! मी ती खाल्ली आणि त्याचं काम सगळ्यात शेवटी लावलं.

एका गिऱ्हाइकाला मात्र काही बोलावं लागत नसे. हजेरी खात्याचे कारकून आंदर मावळातल्या एका खेड्यातून यायचे. सगळा कारखाना त्यांना भाऊ म्हणायचा. त्यांच्या खात्याला साहेब नव्हता, एक टेबल, दोन कपाटं आणि भाऊ, एवढंच ते खातं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ते हंगामी कामगारांच्या हजेरीचा गठ्ठा आणायचे. त्यांच्या गावाकडची शेवटची एसटी पाचची. ती चुकली तर रात्र तळेगावच्या स्टँडवर काढायची. म्हणून शनिवारी मी त्यांचं काम दुपारीच उरकून टाकायचे. मला कुणी तसं सांगितलेलं नव्हतं. एसटी पाचची आहे हे ठाऊक होतं, बस.

मग जुलैच्या सुरुवातीला मुंबईहून नवी ऑपरेटिंग सिस्टिम आली. यंत्र तेच, त्याला चालवणारी अक्कल नवी. गोल डब्यातली एक टेप घेऊन एक इंजिनिअर आला आणि दोन दिवसांत त्यानं ती बसवली. आता यंत्र तीन कामं एका वेळी पुढे नेणार होतं, थोडं ह्याचं, थोडं त्याचं. पुढचं काम कुठलं घ्यायचं तेही स्वतःच ठरवणार होतं. आपण फक्त प्रत्येक कामाला एक ते नऊमधला एक नंबर देऊन ठेवायचा. एक म्हणजे सगळ्यात निकडीचं. तीन महिने वापरून बघायचं आणि पसंत पडली तर ठेवायची, असा करार होता.

"नंबर तूच दे," साहेब म्हणाले. "गिऱ्हाइकं तुला माहीत आहेत."

मी कागद घेतला आणि खात्यांच्या प्रमुखांच्या खुर्च्या डोळ्यांपुढे आणल्या. सगळ्यात मोठी खुर्ची विक्रीची, तिला एक. मग खरेदी, मग भांडार. असं करत करत हजेरीला नऊ. तिथे खुर्चीच नव्हती, स्टूल होतं. पाच मिनिटांत यादी तयार! एवढ्या झटपट काम हातावेगळं केलं म्हणून मी स्वतःवर खूशही झाले.

सिस्टिम झकास चालली, हे आजही सांगते. यंत्र जराही रिकामं बसेना. कागद भराभर बाहेर पडायला लागले. आणि मला एक नवं वाक्य मिळालं. कुणी खिडकीशी येऊन कुरकुर केली की मी म्हणायचे, "आता माझ्या हातात काही नाही, सिस्टिम ठरवते." त्या वाक्यापुढे कुणाचं काही चालत नसे. माणूस गप गुमान परत जायचा. जुलैच्या शेवटच्या शनिवारी भाऊ छत्री निथळत खिडकीशी उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, आमचं कवा?" त्यांनाही मी तेच सांगितलं. ते साडेचारपर्यंत उभे होते. मग एसटीला गेले. त्यांची यादी छापून निघाली सोमवारी दुपारी.

ऑगस्टमध्ये साहेबांनी फर्मान काढलं: गिऱ्हाइकांचे लेखी अभिप्राय घ्यायचे. ते अभिप्राय मुंबईला जाणार, आणि सिस्टिम ठेवायची की परत पाठवायची ते त्यावरून ठरणार. ठेवली, तर ती नीट शिकायला आमच्याकडून एका माणसाला सहा महिने मुंबईला पाठवायचं होतं, आणि साहेबांनी माझं नाव दिलं होतं. आमच्या कारखान्यातून बाईमाणसाला शिकायला पाठवण्याची ती पहिलीच वेळ. घरी मी सांगूनही टाकलं होतं. आईनं दादरच्या मावशीला पत्र घातलं होतं.

मी खिडकीशी दोरीनं एक वही टांगली. रकाने आखले: खाते, अभिप्राय, सही. आणि इथेच मी माती खाल्ली. वही उघडी, सगळ्यांना दिसेल अशी, आणि तिच्यात सगळ्यात आधी लिहायला आले विक्री खात्याचे प्रमुख. त्यांनी खिशातलं पेन काढून ठसठशीत अक्षरात लिहिलं: "नवी पद्धत अत्यंत समाधानकारक. कामे वेळेआधी मिळतात." त्यांच्याखाली खरेदीवाल्यानं लिहिलं, "वरीलप्रमाणे." भांडाराच्या कारकुनानं आदल्याच दिवशी कागद उशिरा मिळाले म्हणून माझ्याशी कडाक्याचं भांडण केलं होतं. त्यानंही लिहिलं, "वरीलप्रमाणे." मग सगळ्यांनी तीच री ओढली. कँटीनचा सुपरवायझर चहाचे कप मोजायला आला होता. त्याचं आयुष्यात कधी यंत्रावर काम लागलं नव्हतं. वही दिसली म्हणून तोही "वरीलप्रमाणे" लिहून सही ठोकून गेला.

मला ते कळत नव्हतं असं नाही. पण अभिप्राय चांगले होते, आणि चांगल्या अभिप्रायाची सालं कोण काढत बसतं? शुक्रवारी मी अहवाल लिहून काढला: सर्व ग्राहक पूर्ण समाधानी. शेवटी ताळा करायला वही चाळली, तेव्हा एक ओळ रिकामी दिसली. खाते: हजेरी. सही: भाऊंची, वळणदार. मधला रकाना कोरा.

माझं डोकं सणकलं. वही दोरीवरून सोडवली आणि काखेत मारून तडक हजेरी खात्यात गेले.

"भाऊ, सही केलीत, अभिप्राय कुठाय?"

"बसा ताई."

"बसायला वेळ नाही. दोन शब्द लिहून टाका."

भाऊंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ह्या माणसाबद्दल एक सांगायला हवं. छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरातला पहिला मॅट्रिक होते ते. बोलायचे गावाकडचं, पण कागदावर त्यांची भाषा स्वच्छ असे आणि वहीत एक खाडाखोड सापडत नसे. खरं नाही ते त्यांच्या हातून लिहिलं जात नसे, एवढं कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं.

"वरीलपरमानं लिव्हावं, तर वरलं माझं न्हाई," ते म्हणाले. "आन दुसरं लिव्हावं, तर तुमचं मुंबईला जायाचं आडंल. म्हून नुसती सही केली."

मी बसले.

"तुमचं वेगळं काय आहे?"

"गेल्या महिन्यात यादी सोमवारी आली. त्याच्यानं काय झालं, ठाव हाय का?"

मला ठाऊक नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. भाऊंनी आवाज न चढवता सांगितलं. हंगामी कामगाराचा गेटपास महिन्याच्या शेवटच्या शनिवारपर्यंतच चालतो. त्या दिवशी चारच्या आत भाऊंची यादी मोठ्या साहेबांच्या टेबलावर गेली, तर ते ती बघून पुढच्या पासांवर सही करतात. जुलैत यादी गेली नाही, मोठे साहेब घरी गेले. सोमवारी डोंगरावरच्या एका वाडीतले चौघं पहाटे चालत निघून गेटवर आले, आणि पास संपला म्हणून वॉचमननं त्यांना आत सोडलं नाही. आमचा प्रिंटर यादी छापायला लागला तेव्हा ते परत डोंगर चढत होते. पंधरा दिवसांनी तिघांना पुन्हा घेतलं, पण नवे म्हणून, सप्टेंबरअखेरपर्यंतच्या पासावर. ठरलेले दिवस सलग भरले की कामगार कायम होतो. त्या चौघांचे थोडेच दिवस राहिले होते. आता पुन्हा पहिल्यापासून.

"आणि चौथा?"

"त्यो आलाच न्हाई. म्हनला, गेटवरनं किती येळा माघारी जायाचं?"

मी वहीची दोरी बोटाला गुंडाळत होते. भाऊ पुढे म्हणाले, "आवनीचे दिस व्हते, ताई. चौघांनी एक दिस रजा घ्येतली न्हाई. वाडीनं इर्जिक घातली. बायामानसांनी मिळून ह्यांच्या खाचरांत भात लावला. का? तर ह्यांचा कारखान्यातला दिस बुडू ने."

इर्जिक मावळात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. सगळ्यांनी मिळून आज एकाचं शेत करायचं, उद्या दुसऱ्याचं. ज्याचं शेत, त्यानं त्या दिवशी सगळ्यांना जेवू घालायचं. माझ्यातला वकील तेवढ्यात जागा झाला.

"पण भाऊ, सिस्टिम तेच तर करते! सगळ्यांचं काम आळीपाळीनं पुढे नेते. इर्जिकच की ती."

"बरं. मंग इर्जिकीत पयला नंबर कुनाचा लागतो?"

"पाटलाचा?"

भाऊ हसले. त्या दिवशी पहिल्यांदा. "आवो, कशाला पाटलाचा! वरल्या खाचराचा. तितलं पानी आधी सरतं. खालच्याला चार दिस दम निघतो, वरल्याला न्हाई निघत. मंग त्ये खाचर पाटलाचं असू द्या न्हाईतर रांडमुंड बाईचं." मग चष्मा पुसत म्हणाले, "तुमच्या सिस्टिमला पानी कुटलं सरतंय, त्ये ठावं न्हाई."

"सिस्टिमला काहीच ठावं नाही, भाऊ," मी म्हणाले. "नंबर मी दिलेत."

"व्हय?" त्यांनी मान वर केली. "मला वाटलं, मशीनच देतं."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. वाक्य तोंडावर फेकून मी मोकळी झाले होते, आणि एवढा सरळ माणूस ते खरं धरून महिनाभर गप्प बसला होता. मला स्वतःची लाज वाटली. लाज वाटली की मला रडू येत नाही, राग येतो. "ह्या महिन्याला किती जण आहेत?" मी विचारलं. सात, ते म्हणाले. यादी उद्याच जायला हवी होती.

शनिवारी आमचे साहेब दुसऱ्या कामानं मुंबईला. ठरलेला नंबर बदलायचा तर त्यांची सही लागे, आणि ते थेट सोमवारी उगवणार. विक्रीच्या महिनाअखेरच्या याद्या सकाळपासून चालू होत्या. यंत्रातल्या तिन्ही जागा त्यांनीच अडवलेल्या, एक संपली की दुसरी. नंबर एकचं काम येत राहिलं की नंबर नऊनं बसून राहायचं, असा त्या सिस्टिमचा सरळ हिशेब. बारा वाजता भाऊंनी गठ्ठा ठेवला. एक वाजला, दीड वाजला. यंत्राला हुकूम द्यायला टाइपरायटरसारखं एक यंत्र होतं, त्याच्यापुढे मी बसून होते. सहीविना नंबर बदलला तर साहेब चिडणार आणि विक्रीवाले पेटणार. मुंबई तर गेलीच म्हणायची. हे सगळं मला स्वच्छ दिसत होतं. भीती वाटली असं मी लिहिणार नाही, कारण वाटली नाही. मी आदल्या दिवसापासून तापलेली होते, आणि तापले की मला भीतीचं भान राहत नाही.

मी विक्रीचं काम थांबवलं आणि हजेरीला एक नंबर दिला.

सव्वादोनला यादी छापून निघाली. भाऊंनी खिडकीत उभं राहून पेन्सिलीनं एकेक ओळ तपासली. मी म्हटलं, "अहो, पळा आता!" तरी ते पळाले नाहीत. शेवटची ओळ तपासून झाल्यावर गेले. चारला दहा कमी असताना सातही पासांवर सह्या झाल्याचा निरोप आला.

त्याआधी, तीनच्या सुमाराला, विक्रीचे प्रमुख स्वतः खिडकीशी आले. त्यांचे कागद संध्याकाळच्या गाडीनं मुंबईला जायचे होते.

"आमचं काम का अडलं?"

तयार वाक्य जिभेवर होतं. ते म्हटलं असतं तर ते गृहस्थ मुकाट्यानं परत गेले असते.

"मी अडवलं," मी म्हणाले. "सात माणसांचे गेटपास संपत होते. तुमचे कागद साडेपाचला मिळतील."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, परत टांगलेल्या वहीकडे पाहिलं, आणि खिशातलं पेन काढलं. आपली पहिली ओळ त्यांनी एका रेघेत खोडली आणि वर लिहिलं: "पद्धत अत्यंत असमाधानकारक." ते गेल्यावर मी वही बघितली आणि एकटीच फिस्सकन हसले. खालचे सगळे "वरीलप्रमाणे" जिथल्या तिथे होते. एका रेघेनं अख्खा कारखाना नाराज झाला होता, कँटीनसकट.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. सिस्टिम राहिली. मला ताकीद मिळाली, लेखी. मुंबईला त्या वेळी पुण्याचा एक ऑपरेटर गेला, त्या खोकणाऱ्या दोघांतला. मी गेले दीड वर्षानं, आणि त्याच्यापेक्षा चांगली शिकून आले. मावशीकडच्या सहा महिन्यांत मी जे शिकले त्यावर माझी सगळी नोकरी उभी राहिली, तेव्हा त्याबद्दल रडायचं कारण नाही.

पण तो सोमवार सांगायचा राहिला. त्या दिवशी मी आधीच्या गाडीनं आले आणि वर न जाता गेटपाशी थांबले. सातही जणांना आत जाताना मला बघायचं होतं. खरं सांगायचं तर स्वतःची पाठ थोपटून घ्यायची होती. पास दाखवत एकेक जण आत गेला. मी मोजले. बरोबर सात.

त्यांच्या मागून आणखी एक जण आला. पस्तिशीचा असेल, पायाला गुडघ्यापर्यंत चिखल, हातात चपला. नळावर पाय धुता धुता त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"ताई, आमचं दिस मोजायचं मशीन तुमीच चालवता न्हवं? भाऊ म्हनले."

"हो."

"शनवारी तुमीच यादी काढली म्हनं. लय बेस झालं बगा. त्या सातांत माझा भाचा हाय."

"आणि तुम्ही?"

"मी गेल्या महिन्यातला." तो हे सहज म्हणाला. "आता पुन्यांदा पयल्यापासनं."

तो मला चांगलं म्हणत होता. वहीत एवढे अभिप्राय गोळा केले, पण ज्याचे दिवस आम्ही मोजत होतो त्याला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि विचारल्यावाचून मिळालेला हा अभिप्राय मला घेववेना.

"तुमचे दिवस माझ्यामुळे गेले," मी म्हणाले. "तुमच्या यादीला शेवटचा नंबर मीच लावला होता. न विचारता, पाच मिनिटांत."

पाय धुता धुता तो थांबला. शिवी दिली असती तरी मी ऐकून घेतली असती. त्यानं चपला खाली टाकल्या, पायात घातल्या.

"आन शनवारी वर घ्येतला, त्योबी तुमीच?"

"हो."

"मंग तुमी हितं नसल्यावर कोन घेनार?"

भोंगा वाजला. उत्तरासाठी थांबायला त्याला वेळ नव्हता. त्याचा दिवस मोजायला सुरुवात झाली होती. पास वॉचमनपुढे धरून तो आत गेला.

मी वर गेले. साहेब अजून यायचे होते. टेबलावरचा शुक्रवारचा अहवाल फाडला, कोरा कागद घेतला आणि पहिलं वाक्य लिहिलं: हजेरीच्या कामाला नऊ नंबर सिस्टिमने दिलेला नाही, मी दिला आहे, आणि मी इथे नसले तरी तो बदलता आला पाहिजे.